ज्ञानकोशातील आपलेच पान : हितसंबंधी संपादनाचा इतिहास

ज्या विषयाशी आपला पैशाचा, नोकरीचा किंवा प्रतिष्ठेचा संबंध आहे, त्या विषयावरची तटस्थ म्हणवली जाणारी नोंद आपणच लिहावी की नाही, हा प्रश्न कोशवाङ्मयाला नवा नाही. छापील कोशांच्या काळात मात्र तो संपादक मंडळाच्या बैठकीत सुटत असे किंवा तिथेच दबून राहत असे, आणि वाचकापर्यंत त्याची वार्ताही पोहोचत नसे. २००१ साली विकिपीडिया हा कोणालाही लिहिता येणारा मुक्त ज्ञानकोश सुरू झाला, तेव्हापासून हा प्रश्न चव्हाट्यावर आला. कंपनीतील कर्मचारी जेव्हा आपल्याच कंपनीविषयीच्या लेखात बदल करतो, तेव्हा त्याच्यावर एकाच वेळी दोन कर्तव्ये येऊन पडतात : वाचकाला खरे आणि पूर्ण ते सांगण्याचे एक, आणि पगार देणाऱ्या मालकाचे हित जपण्याचे दुसरे. या दोहोंच्या ओढाताणीला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात. विकिपीडियाच्या जगाने हा संघर्ष ओळखण्यासाठी, अडवण्यासाठी आणि शेवटी त्याला वाट करून देण्यासाठी जे प्रयत्न केले, त्यांच्या इतिहासातून असे दिसते की हितसंबंध असणे हा मूळ दोष नव्हे. तो वाचकापासून लपवणे हा दोष होय, आणि ती लपवाछपवी उघडकीस आणण्याचा भार बहुतेक वेळा बिनपगारी माणसांनी वाहिला आहे.

छापील कोशांची परंपरा या बाबतीत निर्दोष होती असे मानण्याचे कारण नाही. ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’च्या १९२६ सालच्या तेराव्या आवृत्तीत ‘मास प्रॉडक्शन’, म्हणजे एकाच नमुन्याच्या वस्तूंचे यंत्रांच्या साहाय्याने प्रचंड प्रमाणावर केलेले उत्पादन, या विषयावर जी नोंद आली, ती हेन्री फोर्ड यांच्या नावाने होती. या पद्धतीचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता आणि लाभार्थी तिचा कोशकारही झाला होता. पुढे तंत्रज्ञानाच्या इतिहासकारांनी असे दाखवून दिले की ती नोंद फोर्ड यांच्या हातची नसून त्यांचे प्रवक्ते विल्यम कॅमेरून यांनी लिहिलेली होती. म्हणजे सहीमुळे हितसंबंध उघड झाला, पण प्रत्यक्ष लेखक झाकला गेला. तरीही वाचकाला एवढे कळत होते की हे मत कोणाच्या बाजूने आले आहे. मराठीतही कोशनिर्मितीला पैशाचा आधार लागलाच. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’साठी मर्यादित कंपनी काढून भांडवल उभारले आणि तेवीस खंडांचे काम तडीस नेले, तर वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली आकाराला आलेल्या ‘मराठी विश्वकोशा’ला राज्य शासनाचा आश्रय मिळाला. पैसा कोणाचा आणि संपादक कोण हे या ग्रंथांच्या पहिल्याच पानांवर वाचता येत असे. विश्वकोशात तर नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव देण्याची पद्धत असल्याने अमुक विधानाची जबाबदारी कोणावर, हे विचारायला जागा होती.

विकिपीडियाने ही जागा वेगळ्या रीतीने आखली. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी आधी ‘न्यूपीडिया’ नावाचा, तज्ज्ञांकडून तपासून घेतलेल्या लेखांचा कोश सुरू केला होता. त्याची गती फार मंद ठरल्याने १५ जानेवारी २००१ रोजी त्याला पूरक म्हणून विकिपीडियाचा आरंभ झाला आणि थोड्याच अवधीत पूरक प्रकल्पाने मूळ प्रकल्पाला मागे टाकले. येथे नोंदीखाली सही नव्हती. त्याऐवजी प्रत्येक लेखामागे ‘इतिहास’ नावाचे पान होते, ज्यावर कोणत्या क्षणी कोणत्या खात्यावरून कोणता शब्द घातला किंवा काढला गेला याची नोंद कायम राहत असे. नोंदणी न करता लिहिणाऱ्याचा आयपी पत्ता, म्हणजे त्याच्या संगणकाला महाजालावर मिळालेला क्रमांक, तिथे जाहीर दिसे. नोंदणी करणाऱ्याला मात्र टोपणनाव घेता येई आणि त्याचा पत्ता झाकलेला राही. त्यामुळे एक विलक्षण स्थिती उद्भवली : जो खाते उघडत नसे तो अधिक उघडा पडे, आणि जो खाते उघडे तो अधिक सुरक्षितपणे लपे. मजकुरासाठी मात्र सर्वांना सारखेच तीन नियम लागू होते : दृष्टिकोन तटस्थ हवा, विधान प्रकाशित आणि विश्वासार्ह स्रोतावरून पडताळता यायला हवे, आणि लेखकाने स्वतःचे नवे संशोधन किंवा मत त्यात घालू नये. लिहिणारा कोण आहे यापेक्षा लिहिलेले कसे आहे याला महत्त्व देणारी ही रचना होती, आणि हितसंबंधांचा प्रश्न तिच्या नेमक्या या सांध्यात शिरला.

या शिरकावामागे आर्थिक कारण होते. महाजालावर शोध घेणाऱ्यासमोर कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळाशेजारीच विकिपीडियाचा लेख येऊ लागला. गिऱ्हाईक, गुंतवणूकदार, नोकरीसाठी अर्ज करणारा तरुण आणि बातमी लिहिणारा पत्रकार हे सगळे त्या लेखावर नजर टाकू लागले. जाहिरातीवर वाचक सावधपणे विश्वास ठेवतो, पण ज्ञानकोशातील वाक्याला तो मोकळ्या मनाने ग्राह्य धरतो. त्या मोकळेपणाचे मोल प्रसिद्धी विभागांच्या लवकरच ध्यानात आले.

पहिली गाजलेली उदाहरणे मात्र कंपन्यांची नव्हती. डिसेंबर २००५ मध्ये असे उघड झाले की खुद्द वेल्स यांनी स्वतःविषयीच्या लेखात अनेक बदल केले होते आणि त्यांत सँगर यांचा सहसंस्थापक म्हणून असलेला उल्लेख काढणारे बदलही होते. स्वतःच्या लेखाला हात लावणे योग्य नव्हते, असे त्यांनी नंतर मान्य केले. जानेवारी २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील ‘लोवेल सन’ या वृत्तपत्राने बातमी दिली की मार्टी मीहान या अमेरिकी लोकप्रतिनिधीच्या कार्यालयाने त्यांच्याविषयीचा लेख काढून त्या जागी कर्मचाऱ्यांनी लिहिलेले चरित्र ठेवले होते. मीहान यांनी ठराविक मुदतीनंतर पद सोडण्याचे दिलेले आणि पुढे न पाळलेले वचन त्या बदलात गळून पडले होते. त्यानंतरच्या तपासात अमेरिकी संसदेच्या कार्यालयांतून झालेली शेकडो संपादने तपासली गेली. त्यांतली पुष्कळशी निरुपद्रवी होती, पण काहींत टीका पुसलेली आणि काहींत प्रतिस्पर्ध्यांची हेटाळणी केलेली आढळली. त्याच वर्षी ‘मायविकीबिझ’ या नावाने एक व्यवसाय निघाला, जो पैसे घेऊन कंपन्यांविषयी लेख लिहून देण्याचे काम उघडपणे जाहीर करत होता. त्याचे खाते वेल्स यांनी बंद केले. या घटनांच्या रेट्यात, स्वतःची बढाई मारणाऱ्या लेखांविषयीची जुनी मार्गदर्शक टिपणे विस्तारत गेली आणि इंग्रजी विकिपीडियावर हितसंबंधांच्या संघर्षाविषयीचे स्वतंत्र मार्गदर्शन तयार झाले. ज्याच्याशी आपला निकटचा संबंध आहे त्या विषयावर थेट लिहिणे टाळावे, आणि लिहायचेच तर आधी संबंध सांगावा, असा त्याचा गाभा होता.

जानेवारी २००७ मधील एका प्रसंगाने या मार्गदर्शनाची खरी अडचण पुढे आणली. मायक्रोसॉफ्टने आपल्या कार्यालयीन दस्तऐवजांच्या नव्या स्वरूपाविषयीचे लेख दुरुस्त करण्यासाठी रिक जेलिफ या ऑस्ट्रेलियातील तंत्रज्ञाला मोबदला देऊ केला. हे जेलिफ यांनी स्वतःच जाहीर केले, म्हणून जगाला कळले. कंपनीचे म्हणणे असे होते की लेखांत चुका आहेत, त्या निदर्शनाला आणूनही स्वयंसेवक दाद देत नाहीत, आणि जेलिफ काय लिहितात यावर कंपनी नियंत्रण ठेवणार नाही. वेल्स यांनी या प्रस्तावाविषयी नापसंती व्यक्त केली. येथे कोणी काही लपवले नव्हते, तक्रार निराधार होती असेही नव्हते, तरी पैसा आणि तटस्थ लेख यांची सांगड अनेक संपादकांना अस्वस्थ करून गेली. उघडपणा पुरेसा आहे की पैसे घेऊन लिहिणेच निषिद्ध मानावे, या वादाचे मूळ याच प्रसंगात सापडते.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये व्हर्जिल ग्रिफिथ या अमेरिकी विद्यार्थ्याने ‘विकिस्कॅनर’ नावाचे साधन प्रसिद्ध केले आणि या विषयाचा इतिहास दोन भागांत विभागला गेला. त्याची युक्ती साधी होती. नोंदणी न करता केलेल्या संपादनांचे आयपी पत्ते आधीच जाहीर होते, आणि कोणते पत्ते कोणत्या संस्थेच्या मालकीचे आहेत याच्या याद्याही उपलब्ध होत्या. त्याने ही दोन्ही भांडारे एकमेकांना जोडली आणि ३ कोटी ४० लाखांहून अधिक संपादने संस्थेच्या नावाने शोधता येतील अशी सोय केली. मतदानयंत्रे बनवणाऱ्या डायबोल्ड कंपनीच्या संगणकावरून २००५ मध्ये त्या यंत्रांच्या सुरक्षिततेवरील टीकेचे अनेक परिच्छेद काढले गेले होते. पेप्सिको कंपनीच्या संगणकावरून पेप्सीच्या आरोग्यावरील परिणामांविषयीचा मजकूर वगळला गेला होता. वॉलमार्टच्या संगणकावरून कर्मचाऱ्यांच्या वेतनाविषयीचे विधान बदलले गेले होते. आणि एक्झॉन मोबिलच्या संगणकावरून ‘एक्झॉन व्हाल्डेझ’ या जहाजाच्या तेलगळतीविषयीच्या लेखात फेरफार झाले होते. या पुराव्याची मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. आयपी पत्ता संगणकाचे जाळे दाखवतो, माणूस दाखवत नाही, आणि बदल कंपनीच्या आज्ञेने झाला की एखाद्या कर्मचाऱ्याने दुपारच्या सुट्टीत आपल्या मर्जीने केला, हे त्यावरून सिद्ध होत नाही. तरीही वृत्तपत्रांनी जगभर या याद्या छापल्या आणि आपल्या कार्यालयातून काय लिहिले जाते याचा विचार कंपन्यांना प्रथमच करावा लागला. मे २००९ मध्ये इंग्रजी विकिपीडियाच्या लवाद समितीने, म्हणजे संपादकांमधील न सुटणाऱ्या तंट्यांचा निवाडा करणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाने, चर्च ऑफ सायंटॉलॉजीच्या मालकीच्या सर्व पत्त्यांवरून संपादन करण्यास बंदी घातली, तेव्हा एका संपूर्ण संघटनेला हितसंबंधांमुळे दार बंद झाल्याचे दिसले.

विकिस्कॅनरच्या धक्क्याने वर्तन सुधारले, पण त्याहून अधिक ते सावध झाले. कार्यालयातून उघड्या पत्त्याने लिहिणारा हौशी कर्मचारी मागे पडला आणि त्याच्या जागी टोपणनावांची खाती चालवणारा व्यावसायिक आला. डिसेंबर २०११ मध्ये लंडनमधील बेल पॉटिंजर या बड्या जनसंपर्क संस्थेचे प्रकरण बाहेर पडले. शोधपत्रकार उझबेकिस्तानच्या हितसंबंधीयांचे प्रतिनिधी म्हणून संस्थेकडे गेले असता विकिपीडियावरील लेख सुधारून देण्याची क्षमता तिच्या अधिकाऱ्यांनी अभिमानाने सांगितली. ‘द इंडिपेंडंट’ने हे छापल्यानंतर संस्थेशी जोडलेली अनेक खाती निलंबित झाली. या प्रकरणानंतर वेल्स यांनी ज्याला स्पष्ट सीमारेषा म्हटले जाते तो आग्रह धरला : पैसे घेऊन बाजू मांडणाऱ्याने लेखाला हात लावू नये, प्रत्येक लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर आपली ओळख देऊन सूचना करावी, आणि ती स्वीकारायची की नाही हे निःस्पृह संपादकांनी ठरवावे. ब्रिटनमधील जनसंपर्क व्यावसायिकांच्या संस्थेने २०१२ साली आपल्या सभासदांसाठी याच धर्तीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, आणि अमेरिकेतही या व्यवसायातील काही मंडळी संपादकांशी संवाद साधू लागली.

या संवादात व्यवसायाच्या बाजूने मांडलेले गाऱ्हाणे सहज बाजूला सारण्याजोगे नव्हते. २०१२ मध्ये मार्शिया डिस्टासो या अमेरिकी संशोधिकेने जनसंपर्क क्षेत्रातील १,२८४ व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध केली. आपल्या कंपनीच्या किंवा अशिलाच्या लेखाशी परिचित असलेल्यांपैकी ६० टक्क्यांनी त्यात तथ्यांच्या चुका असल्याचे सांगितले. विकिपीडियाच्या संपादकांनी यावर रास्त आक्षेप घेतला की चूक कशाला म्हणायचे हे येथे हितसंबंधीयांनीच ठरवले आहे. तरीही सूचना चर्चा पानावर दीर्घकाळ पडून राहतात, ही तक्रार खरी होती. उलट बाजूची अडचण २०१३ मध्ये बीपी या तेलकंपनीच्या लेखावरून दिसली. तिच्या प्रतिनिधीने आपली ओळख दडवली नव्हती आणि लेखाला हातही लावला नव्हता. त्याने चर्चा पानावर मसुदे ठेवले आणि स्वयंसेवकांनी त्यांतला बराच मजकूर जवळजवळ जसाच्या तसा लेखात घातला. नियम अक्षरशः पाळला गेला होता, पण लेख वाचणाऱ्याला कंपनीनेच लिहिलेली वाक्ये तटस्थ कोशाची म्हणून वाचायला मिळत होती, कारण चर्चा पान उघडून पाहण्याची सवय सामान्य वाचकाला नसते. स्वीकारणारा संपादक स्वतंत्रपणे पडताळणी करत नसेल, तर सीमारेषा राहते आणि तिचा अर्थ निघून जातो.

बीपीचा वाद उघडपणाच्या मर्यादेविषयी होता; त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये संपूर्ण अंधारात चाललेला धंदा सापडला. ‘विकी-पीआर’ या अमेरिकी कंपनीचे जाळे संपादकांनी लेखनशैली, वेळा आणि परस्परसंबंध यांच्या चिकाटीने केलेल्या अभ्यासातून उकलले आणि अडीचशेहून अधिक खाती बंद झाली. एकाच माणसाने किंवा गटाने वेगवेगळी माणसे असल्याचा आभास निर्माण करण्यासाठी चालवलेल्या अशा खात्यांना संपादकांच्या परिभाषेत कळसूत्री बाहुल्या म्हणतात. त्यांचा उपयोग केवळ ओळख दडवण्यासाठी होत नाही, तर चर्चेत आपल्याच मताला बहुमत असल्याचे भासवण्यासाठीही होतो. विकिपीडियाचा तांत्रिक आणि कायदेशीर सांभाळ करणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने नोव्हेंबरमध्ये त्या कंपनीला काम थांबवण्याची कायदेशीर नोटीस धाडली. त्यानंतर प्रदीर्घ जाहीर चर्चा होऊन १६ जून २०१४ रोजी फाउंडेशनने वापराच्या अटी बदलल्या : मोबदला घेऊन किंवा मिळण्याच्या अपेक्षेने लिहिणाऱ्याने मालक, अशील आणि आपला संबंध जाहीर करणे बंधनकारक झाले, आणि ही घोषणा सदस्य पानावर, चर्चा पानावर किंवा बदलासोबतच्या संपादन सारांशात करण्याची मुभा मिळाली. जनसंपर्क क्षेत्रातील काही मोठ्या संस्थांनीही त्याच महिन्यात नियम पाळण्याचे जाहीर निवेदन दिले. पगारी लेखनावर सरसकट बंदी घालायची की ते उघड करवून घ्यायचे, या सात वर्षांच्या वादात दुसरी बाजू सरस ठरली, आणि त्यामागे व्यवहारज्ञान होते : जिथे सर्वांना टोपणनाव घेता येते तिथे बंदी प्रामाणिकालाच लागू पडते, तर उघडपणाचा नियम प्रामाणिकाला वाट देतो आणि लपणाऱ्याला दोषी ठरवण्याचा निःसंदिग्ध आधार देतो.

न्यायालयांनीही हा प्रश्न विकिपीडियाच्या अंतर्गत शिस्तीपुरता राहू दिला नाही. जर्मनीतील म्युनिकच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाने १० मे २०१२ रोजी, धुपाच्या अर्कापासून बनवलेल्या औषधी तयारींविषयीच्या लेखासंबंधीच्या खटल्यात असा निर्णय दिला की कंपनीने स्वतःच्या व्यापारी हितासाठी ज्ञानकोशातील लेखात केलेला बदल हा छुप्या जाहिरातीचा प्रकार असून अनुचित स्पर्धेच्या कायद्याखाली येतो. वाचक ज्ञानकोशाकडून तटस्थ माहितीची अपेक्षा ठेवतो, आणि चर्चा पानावरील खुलासा त्याच्या नजरेला पडेल असे धरता येत नाही, हे त्यामागचे कारण होते. विकिपीडियाचे नियम ज्या खुलाशाला पुरेसा मानतात तो ग्राहकाच्या दृष्टीने अपुरा असू शकतो, ही त्या निर्णयातली जाणीव आजही तितकीच महत्त्वाची आहे.

भारतातील सर्वांत बोधप्रद प्रकरण इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ प्लॅनिंग अँड मॅनेजमेंट, म्हणजेच आयआयपीएम, या व्यवस्थापन शिक्षणसंस्थेच्या लेखाचे आहे. देशभर मोठ्या जाहिराती करणाऱ्या या संस्थेच्या दाव्यांवर आणि तिच्या पदव्यांच्या मान्यतेवर दीर्घकाळ प्रश्न उपस्थित केले जात होते, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिला आपल्या अभ्यासक्रमांसाठी ‘एमबीए’ आणि ‘बीबीए’ असे शब्द वापरण्यास मनाई केली. इंग्रजी विकिपीडियावरील तिच्या लेखात ‘वायफायवन’ या टोपणनावाच्या सदस्याने वर्षानुवर्षे केलेली संपादने संस्थेला अनुकूल आणि टीकेला प्रतिकूल असल्याची तक्रार इतर संपादक करत राहिले. हा सदस्य साधा नव्हता. २०१० पासून तो प्रचालक होता, म्हणजे लेख वगळण्याचे, संरक्षित करण्याचे आणि इतरांची खाती रोखण्याचे अधिकार त्याला सहकाऱ्यांनी विश्वासाने दिलेले होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये लवाद समितीने त्याचे अधिकार काढून घेऊन त्याच्यावर बंदी घातली, आणि पुढच्याच महिन्यात ‘न्यूजवीक’ने हे प्रकरण जगासमोर मांडले. त्या टोपणनावामागची व्यक्ती कोण आणि तिला पैसे मिळत होते का, हे सिद्ध व्हायची समितीला गरज पडली नाही. संपादनांचा एकत्रित कलच पुरावा ठरला. या प्रकरणाचे गांभीर्य आकड्यांत मावणारे नाही. प्रवेश घ्यावा की नाही असा विचार करणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाला आयुष्यभराची बचत फीमध्ये घालण्यापूर्वी जी माहिती दिसायला हवी होती, ती झाकण्याचा प्रयत्न तटस्थ कोशाच्या नावाखाली होत होता. हितसंबंधी संपादनाचे बळी शोधायचे तर ते अशा वाचकांत सापडतात.

त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर बळींचा आणखी एक वर्ग समोर आला. ‘ऑरेंजमूडी’ या पहिल्या सापडलेल्या खात्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तपासात ३८१ खाती बंद झाली आणि २१० लेख वगळले गेले. ही टोळी ज्यांचे मसुदे नाकारले गेले होते अशा छोट्या उद्योजकांना आणि कलावंतांना गाठत असे, जाणत्या संपादकांचा आव आणून पैशाच्या बदल्यात लेख प्रसिद्ध करून देत असे, आणि नंतर तो लेख वगळला जाऊ नये म्हणून दरमहा रक्कम मागत असे. ही उघड खंडणी होती. स्वतःचा लेख असणे प्रतिष्ठेचे झाले की ती प्रतिष्ठा विकणारे दलाल उभे राहतात, आणि नियमांचे अज्ञान असलेला लहान माणूस त्यांच्या जाळ्यात सर्वांत आधी सापडतो.

जाहिरात क्षेत्राचा पुढचा डाव वेगळा होता. एप्रिल २०१७ मध्ये बर्गर किंगने दूरचित्रवाणीवर अशी जाहिरात दिली की तिच्यातील प्रश्न ऐकून घरातील गूगलचे बोलके यंत्र ‘व्हॉपर’ या खाद्यपदार्थाविषयीचा विकिपीडियातील मजकूर आपोआप वाचू लागे. त्या लेखाची सुरुवात जाहिरातीच्या काही दिवस आधीच विक्रीच्या भाषेत बदललेली आढळली. मे २०१९ मध्ये ‘द नॉर्थ फेस’ या पोशाख कंपनीसाठी एका जाहिरात संस्थेने प्रसिद्ध पर्यटनस्थळांच्या लेखांतील छायाचित्रे बदलून कंपनीच्या कपड्यांची छबी असलेली छायाचित्रे घातली आणि त्या पराक्रमाची चित्रफीत स्वतःच प्रसिद्ध केली. फाउंडेशनने जाहीर निषेध केला, स्वयंसेवकांनी छायाचित्रे काढली, आणि कंपनीने माफी मागून मोहीम थांबवली. या दोन्ही घटनांत विकिपीडियावरचा मजकूर शोधयंत्रांतून, बोलक्या यंत्रांतून आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींतून पुढे वाहतो, याची जाण दिसते. मूळ पानावर केलेला लहानसा बदल अशा वाटांनी जिथे पोहोचतो तिथे ‘इतिहास’ पान सोबत जात नाही.

मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी झाला, आणि फाउंडेशनच्या २०१४ च्या अटी त्यालाही लागू आहेत. परंतु इंग्रजीत संशयास्पद लेखामागे धावणारे शेकडो अनुभवी संपादक आहेत, तर मराठीत नियमितपणे लिहिणाऱ्यांची संख्या मोजकी आहे. त्यामुळे कारखाना, बँक, शिक्षणसंस्था किंवा नेता यांच्याविषयीचा गौरवपर मजकूर दीर्घकाळ न तपासता राहण्याचा धोका येथे अधिक आहे. त्याहून मूलभूत अडचण स्रोतांची आहे. महाराष्ट्रातील उद्योगांविषयीचे मराठी लेखन मोठ्या प्रमाणावर संस्थांनीच काढलेल्या स्मरणिका, गौरवग्रंथ आणि अमृतमहोत्सवी विशेषांक यांत विखुरलेले आहे. १९२० साली किर्लोस्करवाडीत शंकरराव किर्लोस्कर यांनी सुरू केलेले ‘किर्लोस्कर खबर’ हेही एका कारखान्याचेच मुखपत्र होते, आणि पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून त्याने मराठी वाचकाची अभिरुची घडवली. पण ते कोणाचे आहे हे त्याच्या नावातच लिहिलेले होते. स्मरणिकेतील वाक्य ज्ञानकोशात आले की ते नाव गळते आणि स्तुती तेवढी उरते. म्हणून मराठीत हितसंबंधी संपादनाला खरा उतारा केवळ प्रचालकांच्या पहाऱ्यात नाही. साखर कारखान्यांचा, सहकारी बँकांचा, गिरण्यांचा आणि विनाअनुदानित महाविद्यालयांचा स्वतंत्र, पुराव्यानिशी लिहिलेला इतिहास मराठीत उपलब्ध असण्यात आहे, कारण तटस्थ कोश तटस्थ स्रोतांच्या पलीकडे जाऊ शकत नाही.

या सगळ्या इतिहासात एक विषमता सतत जाणवते. एका बाजूला तासाच्या हिशोबाने मोबदला घेणारे व्यावसायिक आहेत, आणि दुसऱ्या बाजूला आपली संध्याकाळ खर्चून हजारो बदलांची तुलना करणारे स्वयंसेवक. डायबोल्डपासून ऑरेंजमूडीपर्यंतचे बहुतेक शोध या दुसऱ्या बाजूच्या चिकाटीने आणि कायम राखलेल्या नोंदींच्या बळावर लागले. नोंदणी न केलेल्या संपादकांचे आयपी पत्ते जाहीर दाखवण्याऐवजी त्यांना तात्पुरती खाती देण्याची पद्धत आता टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. खाजगीपणासाठी ती आवश्यक असली तरी विकिस्कॅनरसारखी तपासणी सामान्य नागरिकाला यापुढे करता येणार नाही, आणि पहाऱ्याचा भार अधिकच थोड्या माणसांवर पडेल. अशा वेळी कंपन्यांवरील नैतिक जबाबदारी वाढते. आपल्या लेखात चूक असेल तर ती पुराव्यासह, आपले नाव आणि नाते सांगून चर्चा पानावर मांडण्याचा मार्ग प्रत्येक कर्मचाऱ्याला मोकळा आहे. तो संथ आहे, पण ज्या विश्वासासाठी कंपनीला तो लेख हवासा वाटतो तो विश्वास याच संथ मार्गाने निर्माण झालेला आहे. जो कर्मचारी ओळख लपवून आपल्या मालकाला अनुकूल वाक्य घालतो, तो आपल्या मालकालाही उपयोगी पडत नाही, कारण असे प्रत्येक वाक्य ज्ञानकोशातील बाकीच्या प्रामाणिक वाक्यांची किंमत कमी करते. वाचकाला काय सांगितले जाते याबरोबरच ते कोण सांगतो आहे हे जाणण्याचा त्याचा हक्क मान्य करणे, एवढीच या पंचवीस वर्षांच्या संघर्षातून निघालेली मागणी आहे, आणि ती पुरी करणे प्रत्येक संस्थेच्या सहज आवाक्यात आहे.